सोयीची नोकरी

आपल्याकडे मुलाला नोकरी लागली की लोक पॅकेज विचारतात आणि मुलीला लागली की ऑफिस कुठे आहे ते विचारतात. हिंजवडी म्हटलं की "बाप रे, लांब पडत असेल ना?" आणि मगरपट्टा म्हटलं की "मग बरं, तिथे तुमचे मामा राहतात ना जवळ?" हसू नका, दोन्ही संवाद मी स्वतः ऐकलेले आहेत. थोडक्यात काय, मुलाची नोकरी 'चांगली' असते आणि मुलीची 'सोयीची' असते. या एका शब्दाने गेले दोन-तीन वीकेंड डोकं खाल्लंय, म्हणून आज लिहूनच टाकते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या बाबतीत हा शब्द पहिल्यांदा आला तो बारावीनंतर, कॅप राउंडचा फॉर्म भरताना. मला मेकॅनिकल आवडायचं. लहानपणी घरचा मिक्सर, इस्त्री, पंखा, सगळं उघडून बघितलेलं होतं (आणि बहुतेक वेळा परत जोडलेलंही होतं). बाबा स्वतः वीज मंडळात, म्हणजे खांब, ट्रान्सफॉर्मर, रात्रीअपरात्री फॉल्ट हे सगळं त्यांनी आयुष्यभर केलेलं. ते म्हणाले, "चाकणला जाऊन ग्रीसमध्ये हात घालणार का? कम्प्युटर घे. एसीत बसशील, टेबलाशी काम, पुढेमागे सोयीचं पडेल." आई मान डोलावत होती. 'पुढेमागे' म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही, विचारायची गरजही नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला कम्प्युटरही आवडलं, त्यामुळे तक्रार अशी नाही. पण निर्णय कोणत्या निकषावर झाला ते लक्षात राहिलं.

ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन घेतली आहे त्यांना कटऑफच्या याद्यांमधले 'जीओपन' आणि 'एलओपन' आठवत असतील. एल म्हणजे लेडीज, ३० टक्के जागा. पहिल्या सेमिस्टरमध्ये एखादा तरी महाभाग "तुमचं काय बाबा, एल सीट!" म्हणतोच. आमच्या कॉलेजात गंमत अशी होती की कम्प्युटरला दोन्ही कटऑफमध्ये जेमतेम फरक होता, आणि मेकॅनिकलला एलचा कटऑफ धबाधबा खाली आलेला, कारण मागणाऱ्या मुलीच नव्हत्या. आमच्या वर्गात साठ-पासष्टात सत्तावीस मुली. मेकॅनिकलच्या दोन तुकड्या मिळून सहा. तिकडच्या वर्कशॉपमध्ये मुलींसाठी बाथरूम शोधायला शेजारच्या इमारतीत जावं लागायचं, एवढं सांगितलं की बाकीचं कळेल.

आता हेच चित्र देशभर मोठं करून बघा. २०२३ मध्ये नॅसकॉमने सांगितलं होतं की भारतातल्या सुमारे ५४ लाख टेक कर्मचाऱ्यांमध्ये ३६ टक्के बायका आहेत. अमेरिकेत कम्प्युटरच्या कामांमध्ये हाच आकडा साधारण एक चतुर्थांश आहे. आमच्या क्लायंटकडची एक मॅनेजर पुण्यात आली होती, तेव्हा आमच्या बे मध्ये एवढ्या मुली बघून चकितच झाली. तिच्या टीममध्ये ती एकटी. "तुम्ही हे कसं जमवलंत?" म्हणाली. आम्ही सगळ्या जरा ताठ झालो. मी मात्र मनात म्हटलं, बाई गं, जमवलं आमच्या बाबांनी, ग्रीसच्या भीतीने.

हे नुसतं विनोदाने नाही म्हणत. पाश्चात्य देशांत कम्प्युटर म्हणजे तळघरात बसणारा, पिझ्झा खाणारा, जरा विक्षिप्त मुलगा असं चित्र तयार झालं आणि मुली लांब राहिल्या. आपल्याकडे कम्प्युटर म्हणजे स्वच्छ ऑफिस, ओळखपत्र, बस, चांगली माणसं आणि परदेशातलं स्थळ. म्हणजे मुलीसाठी उत्तम! ज्या समाजात मुलीला साइटवर पाठवायची, शॉप फ्लोअरवर उभं करायची तयारी नव्हती, त्याने तिला अगदी आनंदाने कीबोर्डसमोर बसवलं. आम्ही लाखांनी आत आलो त्याचं हे एक मोठं कारण आहे. आणि माझा मुद्दा असा आहे की ज्या कारणासाठी आत घेतलं, त्याच कारणासाठी बाहेरही काढलं जातं. नोकरी घराला सोयीची म्हणून दिली असेल, तर घराची गैरसोय झाली की पहिली तीच जाणार.

आणि हे आयटीबरोबर आलेलं नाही बरं का. १९४० साली मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात अय्यलसोमयाजुला ललिता नावाच्या मुलीला प्रवेश मिळाला. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी. वडील त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक, त्यांनी खटपट केली. तिच्या मागोमाग आणखी दोघी आल्या, लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया, दोघी सिव्हिलला. त्यातल्या थ्रेसिया पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनिअर झाल्या. कॉलेजची प्रमाणपत्रं फक्त पुरुषांसाठी छापलेली, त्यामुळे इंग्रजीतलं पुरुषवाचक सर्वनाम खोडून तिथे हाताने स्त्रीवाचक लिहावं लागलं, ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. सगळे तीच सांगतात. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ललिताबाईंनी डॉक्टरकी का नाही घेतली? तर डॉक्टरला रात्रीबेरात्री बोलावणं येतं, आणि तान्ह्या मुलीला टाकून जायची त्यांची तयारी नव्हती. इंजिनिअर म्हणजे कसं, नऊ ते पाच! म्हणजे भारतातली पहिली इलेक्ट्रिकल इंजिनिअर बाईसुद्धा 'सोयीची' शाखा बघून आली होती. फरक एवढाच की तिची सोय तिने स्वतः ठरवली होती. पुढे त्या कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये ट्रान्समिशन लाइनचं डिझाइन करत होत्या, भाक्रा नांगलच्या कामातही होत्या, आणि १९६४ साली न्यूयॉर्कला भरलेल्या स्त्री अभियंत्यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या होत्या.

पुण्यात याचा एक धागा मला फार आवडतो. धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली विधवांचा आश्रम हिंगण्याला एका झोपडीत हलवला. त्याच संस्थेने, त्याच परिसरात १९९१ मध्ये कमिन्स कॉलेज काढलं, फक्त मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. माझ्या आत्ताच्या टीममध्ये तिथल्या दोघी आहेत. ज्या रस्त्यावरून एकेकाळी विधवा मुली शिकायला जात म्हणून गाव नावं ठेवायचा, त्याच रस्त्यावर आज त्यांच्या स्कूटी पार्क करायला जागा मिळत नाही. असो.

सुधा मूर्तींची १९७४ ची गोष्ट तर आपल्याकडे शाळेच्या निबंधात येते: टेल्कोची जाहिरात, 'स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये' ही ओळ, जे. आर. डी. टाटांना टाकलेलं पोस्टकार्ड, मग पुण्याला मुलाखत आणि नोकरी. पोस्टकार्डाचं कौतुक आहेच, पण त्या ओळीमागे एक कायदेशीर कारणही होतं, ते कुणी सांगत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामावर ठेवता येत असे. ज्या कारखान्यात तीन पाळ्या चालतात तिथे मालक म्हणणार की दोन पाळ्या न करणारा माणूस घेऊन मी काय करू? आयटी कारखान्यात मोडत नाही, दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात मोडतं. तिथेही मुंबईच्या जुन्या कायद्यात रात्री साडेनऊची मर्यादा होती, पण आयटीला सवलती मिळत गेल्या, आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने तर बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्रीचं काम सरळच मान्य केलं.

मधल्या काळात पुण्याने दोन भयंकर घटना बघितल्या. २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या मुलीवर कंपनीच्याच कॅबचा ड्रायव्हर आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून गहुंजेजवळ तिचा खून केला. २००९ मध्ये खराडीहून घरी निघालेल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरचं तेच झालं. त्यानंतरची पाच-सहा वर्षं ज्या मुली नोकरीत होत्या त्यांना विचारा, घरून रात्री आठनंतर दर पंधरा मिनिटांनी फोन यायचा. आज आमच्या कॅबमध्ये नियम आहे की बाई पहिली चढणार नाही आणि शेवटची उतरणार नाही, तसं असेल तर सोबत गार्ड. नियम योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की रात्रीचं डिप्लॉयमेंट असलं की मॅनेजर हिशोब करतो: हिला थांबवलं तर गार्ड, एस्कॉर्ट, अ‍ॅप्रूव्हलची मेल... त्यापेक्षा अमुकला थांबवू. बोलून दाखवत नाही कुणी, उलट काळजीनेच करतात. पण प्रॉडक्शनवर रात्री दोन वाजता जो आग विझवतो त्याचंच नाव क्लायंटच्या लक्षात राहतं. वर्षअखेरीला 'ओनरशिप' कुणाच्या खात्यात जमा होते ते तुम्ही जाणताच.

आता मूळ दुखण्याकडे येते. ललिताबाईंचं 'नऊ ते पाच' आमच्या धंद्यात राहिलेलंच नाही. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. कॅलिफोर्नियावाले तर साडेनऊ-साडेदहाला उगवतात. म्हणजे क्लायंटशी बोलायची, डिझाइनवर वाद घालायची, 'मी हे केलं' सांगायची जी वेळ, तीच आपल्याकडे कुकर लावायची, मुलांचा अभ्यास घ्यायची, सासू-सासऱ्यांच्या गोळ्या द्यायची वेळ! हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पृथ्वी गोल असल्याचा परिणाम आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं ते कुठल्याही संध्याकाळच्या कॉलमध्ये ऐकू येतं. बाईने अनम्यूट केलं की मागे शिट्टी होते. पुरुषाने अनम्यूट केलं की मागे शांतता असते, कारण त्याच्या घरची शिट्टी दुसऱ्या खोलीत कुणीतरी सांभाळत असतं.

सरकारी आकडाच हवा असेल तर २०१९ चं टाइम यूज सर्वेक्षण आहे. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. वाचताना वाटतं, चला, ९७ म्हणजे दीड तास, काही वाईट नाही. पण ही सरासरी फक्त जे पुरुष घरकाम करतात त्यांची आहे, आणि तसे पुरुष होते शंभरात सव्वीस.

माझी मावसबहीण, आमची ताई, या सगळ्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. (तिला विचारून लिहितेय. "लिही, पण मला बिचारी करू नकोस" अशी अट आहे.) ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. मी शाळेत असताना ती आयटीत लागली, तिच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून मी ठरवलं होतं की आपल्यालाही ते हवं. ट्रेनिंगनंतर तिला टेस्टिंगमध्ये टाकलं. तिच्या बॅचच्या बहुतेक मुली टेस्टिंगमध्येच गेल्या, कारण 'मुली बारकाईने बघतात'. हे वाक्य मी आजही ऐकते. बारकाईने बघण्यात मुली पुढे आहेत म्हणे, तर मग त्यांना आर्किटेक्चर का बघू देत नाहीत देव जाणे.

२०१५ मध्ये तिला पहिला मुलगा झाला. तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती. बाराव्या आठवड्यात बाळाची मानसुद्धा नीट धरत नाही, आणि ताई हिंजवडीच्या बसमध्ये. मावशी सहा महिने येऊन राहिली, मग तिचे गुडघे गेले. पाळणाघर मिळालं ते संध्याकाळी सातला बंद होणारं, आणि ताईचा कॉल साडेसातचा. जिजू चांगला माणूस आहे, तोही आयटीत, पण त्याचा पगार जास्त होता. मग एके रात्री दोघांनी कागद घेऊन हिशोब केला, आणि कागदावर उत्तर बरोबरच आलं. २०१६ मध्ये तिने राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी कायदा बदलून रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० च्या वर माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. ताई म्हणते, "माझं टायमिंग नेहमीच वाईट."

त्या कायद्याबद्दल माझं मत जरा तिखट आहे. रजा वाढली हे उत्तमच झालं. पण त्या सहा महिन्यांच्या पगाराचं बिल पूर्णपणे कंपनीवर टाकलं. पगार थोडा असणाऱ्यांना ईएसआयमधून मिळतं, पण आमच्यासारख्यांचा सगळा खर्च मालकाचा. कितीतरी देशांत तो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी तिजोरीतून जातो. मग छोट्या कंपनीचा मालक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, नुकतंच लग्न झालेल्या मुलीचा रेझ्युमे बघून काय विचार करतो ते सांगायला नको. "फॅमिली प्लॅनिंग काय आहे?" हा प्रश्न मला दोन मुलाखतींमध्ये विचारला गेलाय, एकदा तर हसत हसत. आणि त्या दुरुस्तीत बापाबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे मूल हे बाईला होतं आणि कंपनीला परवडत नाही, बाप तिऱ्हाईत.

रजेवरून परत आल्यावरचं गणित तर त्याहून मजेशीर. वर्षातले सहा महिने तुम्ही नव्हता, त्यामुळे रेटिंग 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. कुणीतरी बेल कर्व्हच्या मधोमध बसायचंच असतं. समजा दोघांचा पगार १२ लाख. त्याला १० टक्के वाढ मिळाली, तिला ४. तो १३.२० वर, ती १२.४८ वर, फरक ७२ हजार. आता पुढची पाच वर्षं दोघांना अगदी समान १० टक्के द्या, कुठलाही अन्याय करू नका. तरी पाचव्या वर्षी फरक १ लाख १६ हजारांच्या घरात जातो. चक्रवाढ व्याज कसं चालतं ते आपल्याला शाळेत शिकवलंय, फक्त हे उदाहरण पुस्तकात नव्हतं. शिवाय लीडचं पद सहसा त्याच दोन-तीन वर्षांत वाटलं जातं.

ताईवर परत येते. पाच वर्षं ती घरी होती. २०२१ मध्ये एकदम वारं फिरलं. कंपन्यांना माणसं मिळेनात, सगळं काम घरून, आणि करिअर ब्रेक घेतलेल्या बायकांसाठी खास भरती सुरू झाली. ताईने धाकटीला मांडीवर घेऊन मुलाखत दिली आणि लागली! तो काळ मला आठवतो. तिचे रात्री अकरा वाजता मला फोन यायचे, "अगं हे जिरा मध्ये तिकीट कसं हलवायचं?" आणि दोन महिन्यांत तीच मला टेस्ट केस कशी लिहायची ते शिकवत होती. कॉल साडेसातचाच होता, पण बस नव्हती, दोन तास वाचत होते, आणि घर समोर होतं. पहिल्या पगारातून तिने मावशीला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे दिले.

२०२३ मध्ये तिच्या कंपनीने सगळ्यांना ऑफिसला बोलावलं, आधी आठवड्यातून तीन दिवस, मग पाच. कंपनीचं नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, सगळीकडे तेच चाललं होतं. त्याच सुमाराला टीसीएसच्या (ताईची कंपनी ती नव्हे) २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात त्यांच्या मनुष्यबळ प्रमुखांनी लिहिलं होतं की एरवी बायकांचं सोडून जाण्याचं प्रमाण पुरुषांइतकं किंवा कमी असतं, पण त्या वर्षी ते जास्त झालं, आणि घरून काम करण्याच्या काळात घराची घडी बदलली, त्यामुळे काहीजणी परतू शकल्या नसाव्यात असा त्यांचा अंदाज होता. घराची घडी! किती सभ्य शब्द आहे. ताईने आठ महिने रेटलं. सकाळी सातला घर सोडायचं, रात्री कॉल संपेपर्यंत साडेनऊ. धाकटीला त्या पावसाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्यांदा हॉस्पिटलमधून तिने मेल टाकली.

यावेळी कागद घेऊन हिशोब केला नाही म्हणे. "उत्तर पाठ होतं," म्हणाली.

तुम्ही म्हणाल, काही बायकांना घरी राहायचंच असतं, त्यांचा तो चॉइस आहे. असेल ना! माझ्या ओळखीत दोघी तशा आहेत आणि मजेत आहेत. पण ज्या हिशोबात एका बाजूला नेहमी तोच आकडा लहान असतो, त्याला मी चॉइस म्हणणार नाही. अमेरिकेत गेलेल्या मैत्रिणींचं बघा. नवऱ्याचा एच-१बी, हिचा एच-४, आणि इंजिनिअरिंगची डिग्री सूटकेसच्या तळाशी. २०१५ मध्ये त्यातल्या काहींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापुढे गेलंय त्यांना, कामाचा परवाना मिळायला लागला. त्याआधीच्या कितीतरी हुशार मुली न्यू जर्सीत बसून वर्षानुवर्षं रांगोळीचे फोटो टाकत होत्या. तिथे तर पाळणाघराचा प्रश्नही नव्हता, कायद्यानेच घरी बसवलेलं.

मुली शिकत नाहीत असं आता कुणी म्हणू नये. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुली मुलांपेक्षा जास्त होत्या, २९.८ लाख विरुद्ध २७.४ लाख. आयआयटीत २०१६ मध्ये मुली कशाबशा ८ टक्के होत्या. मुलांच्या जागा कमी न करता जादा जागा काढल्या आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांवर आणल्या. महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची ट्यूशन फी माफ झाली. माझ्या मामेबहिणीला त्याचा फायदा झालाय. आणि तिने मेकॅनिकल घेतलंय! दारं रुंद केली, चांगलंच केलं. मला काळजी आहे ती आतल्या जिन्याची.

मग करायचं काय? मला धोरणं वगैरे कळत नाहीत, मला स्प्रिंट प्लॅनिंग कळतं. तेवढ्यापुरतं सांगते. आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी एका मुलाने (हो, मुलाने, त्याची बायको डॉक्टर आहे आणि मुलगी त्याच्याकडे असते) म्हटलं की साडेसहा ते साडेआठ मी कॉलवर नसेन, पावणेनऊला येतो. क्लायंटला विचारलं. क्लायंट म्हणाला, चालेल की. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं! स्टँडअप लेखी झाला, डिझाइनची चर्चा पावणेनऊला गेली. गंमत म्हणजे त्याच्याऐवजी ही मागणी आमच्यापैकी एखादीने केली असती तर 'कमिटमेंट इश्यू' ठरला असता, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. "म्हणूनच मी विचारलं," असं तो नंतर कँटीनमध्ये म्हणाला.

आता माझं. मी अठ्ठावीसची आहे, लग्नाला दोन वर्षं झाली. घरी ओट्याची वाटणी आम्ही दोघांनी एक्सेल शीटमध्ये केली आहे, ज्यावर सासूबाई हसतात, पण मागच्या महिन्यात त्यांनी स्वतः त्यात एक कॉलम वाढवला. दोन आठवड्यांपूर्वी मॅनेजरने मॉड्यूल लीडसाठी विचारलं. बरोबर ऑन-कॉल येतो, म्हणजे महिन्यातून एक आठवडा रात्री फोन वाजला तर उठायचं. त्याने फार प्रेमाने सुचवलं की तुला नको असेल तर ऑन-कॉल दुसऱ्याकडे देऊ, तू फक्त लीड कर, तुला सोयीचं पडेल. आला परत तो शब्द! मी म्हटलं ऑन-कॉल मी घेणार. पण रोटेशन लेखी असेल, रात्री उठलं तर दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी, आणि हे सगळ्यांना सारखं. आणि उद्या मी रजेवर गेले तर रेटिंग गेल्या पूर्ण वर्षाच्या कामावर धरायचं, हे एचआरकडून मेलवर हवं. मॅनेजर जरा गप्प झाला. शेवटचं त्याच्या हातात नाही म्हणाला, विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

ताई सध्या पायथन शिकतेय, कारण हाताने टेस्टिंग करणाऱ्यांच्या जागा तिच्या डोळ्यांदेखत आटत चालल्या आहेत आणि निम्म्या टेस्ट केस आता एआय लिहून देतं. मी शनिवारी सकाळी तिच्याकडे जाते, दोन तास आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसतो, जिजू मुलांना घेऊन खाली बागेत जातो. गुरुवारी तिची तिसरी मुलाखत आहे. रेझ्युमेमध्ये २०१६ ते २०२१ आणि नंतरची गॅप कशी लिहायची यावर आमचं काल जोरदार भांडण झालं. मी म्हणत होते 'करिअर ब्रेक' लिही, सगळे तेच लिहितात. तिने नुसत्या तारखा ठेवल्या आणि पुढे लिहिलं, 'दोन मुलं'. विचारलं तर सांगेन म्हणते.